अरोमॅटिक हायड्रोकार्बन : डांबरगोळीपासून पेट्रोलपर्यंतचं एकच घराणं

कपाटातली डांबरगोळी, पेट्रोल, रंगकामातली बरीचशी थिनर या सगळ्यांत एकाच घराण्यातले पदार्थ सापडतात. रसायनशास्त्रात त्यांना अरोमॅटिक हायड्रोकार्बन म्हणतात. हायड्रोकार्बन म्हणजे फक्त कार्बन आणि हायड्रोजन असलेलं संयुग. ‘अरोमॅटिक’ हा शब्द सुरुवातीला वासावरूनच पडला. आज मात्र तो रेणूच्या रचनेसाठी वापरतात. त्यामुळे ‘सुगंधी’ हे मराठी भाषांतर विद्यार्थ्यांची दिशाभूलच जास्त करतं.

घराण्याचा मूळपुरुष बेंझीन. मायकेल फॅरडे यांनी १८२५ मध्ये दिव्याच्या गॅसच्या टाकीत साचणाऱ्या तेलकट द्रवातून तो वेगळा काढला. सूत्र C₆H₆. कार्बन सहा आणि हायड्रोजनही सहाच, म्हणजे दुहेरी बंध भरपूर असायला हवेत. असे बंध असलेलं संयुग ब्रोमीनच्या पाण्याचा तांबूस रंग लगेच घालवतं. बेंझीन घालवत नाही. इथेच त्या काळचे रसायनशास्त्रज्ञ अडले.

१८६५ मध्ये केकुले यांनी सहा कार्बनचं बंद कडं सुचवलं, त्यात एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून. कोडं अर्धं सुटलं. पुढे मोजमापं झाली तेव्हा सहाही बंध सारख्याच लांबीचे निघाले. नेहमीचा एकेरी बंध साधारण १५४ पिकोमीटर, दुहेरी १३४, आणि बेंझीनमधला प्रत्येक १३९. कारण दुहेरी बंधांसाठीचे सहा इलेक्ट्रॉन कुठल्याही एका जोडीचे नसतात, ते सगळ्या कड्यावर पसरलेले असतात. त्या पसरण्यामुळे रेणू अतिशय स्थिर होतो. म्हणून बेंझीन कडं मोडून घेत नाही. फार तर एखादा हायड्रोजन सोडून त्या जागी दुसरा गट घेतो. परीक्षेत हमखास विचारली जाणारी ‘प्रतिस्थापन अभिक्रिया’ ती हीच.

कड्याला एक मिथिल गट लावला की टोल्युइन, दोन लावले की झायलीन. दोन कडी एक बाजू वाटून घेऊन चिकटली की नॅप्थॅलिन, म्हणजेच डांबरगोळी. दगडी कोळशाच्या डांबरातून ते मिळायचं, म्हणून मराठीत हे नाव. पाच कडी जोडलेलं बेंझोपायरीन चुलीच्या आणि विडी-सिगारेटच्या धुरात असतं.

वास गोडसर असला तरी बेंझीन अस्थिमज्जेवर घाला घालतं आणि त्यातून रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. म्हणूनच भारतात पेट्रोलमध्ये त्याचं प्रमाण १ टक्क्यापर्यंतच ठेवायची मर्यादा आहे. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढणं किंवा पेट्रोलने हात धुणं हे गॅरेजमध्ये सर्रास चालतं, ते थांबायला हवं.

घरात जास्त जपायला हवं ते डांबरगोळीला. नॅप्थॅलिन न वितळता सरळ वाफ होऊन कपड्यांत मुरतं. ज्या बाळांच्या शरीरात जी-६-पीडी हे विकर जन्मतः कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात आणि कावीळ इतकी वाढू शकते की मेंदूला इजा होते. ही कमतरता बाहेरून दिसत नाही. बाळंतिणीच्या खोलीत ट्रंकेतली जुनी दुपटी काढण्याची आपल्याकडे रीतच आहे. त्या ट्रंकेत डांबरगोळ्या टाकूच नयेत. कुणी टाकल्याच असतील, तर दुपटी धुऊन, ऊन-वारा देऊन, वास पूर्ण गेल्याशिवाय बाळाला गुंडाळू नयेत. बाळ असलेल्या घरात पिवळेपणा वाढताना दिसला, तर डॉक्टरांना गोळ्यांबद्दल आवर्जून सांगावं.

बाजारात याच रूपाच्या काही गोळ्या पॅराडायक्लोरोबेंझीनच्या असतात. त्यात क्लोरीन असल्याने त्या हायड्रोकार्बन ठरत नाहीत, पण बाळापासून लांब त्याही ठेवाव्यात.