रोहिणीनंतर मृग, मृगानंतर आर्द्रा

आमच्याकडं रोहिणी म्हणजे मे महिन्याचा शेवटचा आठवडा. नांगरट झालेली, ढेकळं तापलेली, आणि सगळ्यांचे डोळे आभाळाकडं. पण माझ्या लहानपणी आमच्या गावाला आणखी एक रोहिणी माहीत होती. ती भर उन्हाळ्यात डोक्यावर घिरट्या घालायची, पाऊस आणायची नाही आणि तिचा आवाजही यायचा नाही. ती होती हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरची, बिनइंजिनाच्या विमानाची रोहिणी.

हे सेंटर सरकारनं 1950 साली सासवड रस्त्याला सुरू केलं. आमचं गाव तिथून चालत तासाभराच्या अंतरावर. शेतात काम करणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून वर बघायच्या आणि म्हणायच्या, "आलं बया मुकं इमान." बाकीची विमानं लोहगावकडून घरघरत जायची. हे मात्र घारीसारखं फिरायचं, आणि बऱ्याचदा घारींच्याच सोबतीनं.

आमचे आण्णा गावचे सुतार. बैलगाड्या, नांगर, तिफणी, दारं-चौकटी, सगळं त्यांच्याच हातचं. पण 1974 सालापर्यंत धंदा बसत चालला होता. लोखंडी सांगाड्याच्या, रबरी टायरच्या गाड्या आल्या होत्या. टायरची गाडी बैलाला हलकी जाते, हे आण्णाही मान्य करायचे. त्यामुळं त्यांना कुणाशी भांडताही येत नव्हतं. मी तेव्हा हडपसरच्या शाळेत आठवीला. वर्गात कुणाचा बाप कारखान्यात, कुणाचा ऑफिसात. मला विचारलं तर मी म्हणायचो, "शेती आहे." सुतारकीचं नाव काढत नव्हतो. आज हे लिहितानाही बरं वाटत नाही, पण खरं ते हेच.

त्या वर्षी मार्चअखेरीस एक दुपारी ते मुकं विमान तात्यांच्या ज्वारीच्या रानात उतरलं. ज्वारी काढून झाली होती, धसकटं मात्र तशीच उभी. सगळा गाव धावला. आत दोघं शेजारी शेजारी बसलेले, एक शिकवणारे साहेब आणि एक शिकणारा पोरगा. तात्यांनी आधी पाण्याची कळशी पुढं केली, मग विचारलं, "इंजान बंद पडलं का, सायेब?"

साहेब हसले. म्हणाले, "इंजिन नाहीच हो याला."

तात्यांना वाटलं, हे आपली थट्टा करतायत. मग साहेबांनी नीट समजावून सांगितलं. मैदानाच्या एका टोकाला विंच असते, म्हणजे इंजिनावर फिरणारं मोठं रहाट. त्याला किलोमीटरभर लांब पोलादी तार. तारेचं दुसरं टोक ग्लायडरच्या पोटाच्या हुकात. विंच तार गुंडाळू लागली की ग्लायडर पतंगासारखं चढतं. साधारण हजार फुटांवर गेलं की आतला माणूस तार सोडून देतो. तिथून पुढं ते सारखं उतरतच असतं, फक्त सावकाश. एक फूट खाली येताना वीसेक फूट पुढं जातं. त्यात तापलेल्या रानातून वर चढणारी हवा गाठली, तर ती हवाच त्याला उचलते. घारी पंख न हलवता वर जातात त्या ह्याच हवेवर. म्हणून ग्लायडरवाले घारींवर नजर ठेवतात. त्या दिवशी घारी कालव्याच्या पलीकडं होत्या. हे दोघं तिकडं गेले, वर चढणारी हवा काही गावली नाही, आणि परत मैदान गाठण्याइतकी उंची उरली नाही.

गर्दी पंखाभोवती जमली होती. आण्णा मात्र गुडघ्यावर बसून खालून बघत होते. धसकटांनी पोटाचं कापड हातभर फाटलं होतं आणि आतलं दिसत होतं.

"आत फासळ्या हायत," आण्णा म्हणाले. "लाकडाच्या. सायेब, हे सुताराचं काम हाय."

साहेबांनी वळून बघितलं. "बरोबर. तुम्ही सुतार का?"

"व्हय. पर हे लाकूड आपल्याकडचं न्हाई. साग न्हाई, शिसव न्हाई. लई हलकं हाय."

मग साहेबांनी स्प्रूसचं नाव सांगितलं. थंड मुलखातलं सूचिपर्णी झाड. वजनाला हलकं, रेषा सरळ, गाठी कमी. जगभर लाकडी विमानांना तेच पसंत. वर पातळ प्लायवूड आणि सुती कापड. कापडावर डोप नावाचं रोगण चढवतात, ते वाळताना कापड ताणून बसतं. आण्णांनी पंखावर बोटानं टिचकी मारली. हलगी शेकल्यावर बोलते तसा आवाज आला.

त्यानंतर साहेबांनी विमानाचं नाव सांगितलं, रोहिणी. तात्या म्हणाले, "नाव तर आमचंच की!" साहेब म्हणाले, "सगळी नावं तुमचीच आहेत. पहिलं अश्विनी, 1958 साली उडालं. मग ही रोहिणी, 1961 साली. भरणी आहे, कार्तिक आहे, आता मृगशीर्षही झालंय." दिल्लीला विमान खात्याचं तांत्रिक केंद्र होतं, तिथं एस. रामामृतम यांनी रोहिणीचा आराखडा केला होता.

आण्णांनी नक्षत्रं बोटांवर मोजली. म्हणाले, "मंजी फुडलं आर्द्रा."

सगळे हसले. साहेबही हसले, म्हणाले, "बघू."

संध्याकाळी सेंटरची माणसं लांब गाडी घेऊन आली. पंखांच्या खिळी काढून पंख वेगळे केले. दोन्ही पंख जोडलेले असताना या टोकापासून त्या टोकापर्यंत चौपन्न फूट भरत. पण चार माणसांनी एकेक पंख सहज उचलला. आण्णांनी एक बाजू धरली होती. जाताना सेंटरचे मिस्त्री त्यांना म्हणाले, "या एकदा, दुरुस्ती बघायला."

पुढच्या रविवारी आण्णा धुतलेलं धोतर नेसून निघाले. मला म्हणाले, "चल." मला धाकधूक, की वर्गातलं कुणी भेटलं तर! पण विमान जवळून बघायचा मोह मोठा होता.

हँगरात डोपचा नाकात झोंबणारा गोडसर वास. टेबलावर एक मोडलेली लाकडी पट्टी, तिला नवा तुकडा जोडायचं काम चाललेलं. मिस्त्रींनी दोन्ही टोकं लांब उतरती तासली होती. आण्णांनी विचारलं, "उतार किती धरता?"

"जाडीच्या बारापट."

"म्या धुरीला सहापट धरतो. पर तिला पडायची भ्या न्हाई."

मिस्त्री मोठ्यानं हसले. मग दोघं जे बोलत बसले ते मला अर्धंच कळलं. सरस किती वेळ दाबून ठेवायचा, आडव्या रेषेचा तुकडा का टाकून द्यायचा, पटाशीला धार कुणाची चांगली. मिस्त्रींनी आण्णांच्या हातात रंधा दिला. आण्णांनी एका टाकाऊ पट्टीवरून तो फिरवला, तर कागदासारखी पातळ सलग ढलपी निघाली. मिस्त्रींनी ती उजेडाला धरून बघितली आणि हाताखालच्या पोरांना हाक मारली, "इकडं या रे, हे बघा." माझ्या बापाचं काम बघायला माणसं गोळा झालेली मी पहिल्यांदाच बघत होतो.

पुढं मी नोकरीत असताना या विद्येचा इतिहास वाचला, तेव्हा त्या हँगरातलं बोलणं नव्यानं उमगलं. जर्मनीत ऑटो लिलिएन्थालनं वाळुंजाच्या फोका आणि सुती कापड घेऊन पंख बांधले, बर्लिनजवळ मातीची टेकडी रचून तिच्यावरून उड्या घेतल्या, आणि 1896 साली तशाच एका उड्डाणात पडून तो गेला. पहिल्या महायुद्धानंतर, 1919 च्या व्हर्सायच्या तहानं जर्मनांच्या इंजिनाच्या विमानांवर बंधनं आली. मग तिथली पोरं 1920 पासून वासरकुप नावाच्या डोंगरावर बिनइंजिनाची विमानं घेऊन जमू लागली. दोनच वर्षांत हॅनोव्हरच्या विद्यार्थ्यांनी बांधलेलं 'व्हँपायर' तासाच्या वर हवेत राहिलं. पैसा नव्हता, इंजिन नव्हतं. हाताशी लाकूड, कापड, सरस आणि सुतारकी. त्यावरच हा खेळ जगभर पसरला. आपल्याकडंही तो आला तो लाकडातूनच. विमान म्हटलं की आपल्याला मोठमोठे कारखाने आठवतात. पण हलक्या विमानाचं मूळ सुताराच्या टेबलावर आहे. गावात बसून सांध्याचा उतार मोजणारा माणूस या विद्येला परका नव्हता. त्याला फक्त कुणी तसं सांगितलं नव्हतं.

त्या रविवारी मिस्त्रींनी आण्णांना रोहिणीत बसवलं. ग्लायडर हँगरातच उभं होतं. आण्णांनी दांडा डावीकडं कलवला तशी पंखाच्या टोकाकडची एक पट्टी वर झाली, दुसऱ्या पंखाची खाली. त्यांनी तीनदा तसं करून बघितलं. मिस्त्री म्हणाले, "साहेबांना विचारतो, एक चक्कर मारून आणतील." आण्णा उतरले. "नगं. बांधलंय कसं ते बगितलं, झालं." घाबरले होते का, मी कधी विचारलं नाही.

निघताना मिस्त्रींनी स्प्रूसचा एक तुकडा दिला, वीतभर लांब. परतताना हडपसरच्या नाक्यावर माझ्या वर्गातला एक पोरगा भेटलाच. त्यानं विचारलं, "हे कोण?" मी म्हटलं, "माझे वडील. सुतार आहेत. विमानाचं काम बघायला गेलो होतो." आण्णा काही बोलले नाहीत. पुढं चालत राहिले.

त्यानंतर दोन वर्षांनी त्यांनी शेवटची बैलगाडी बांधली. पुढं खिडक्या-चौकटींवरच भागवलं. ग्लायडरही पुढं काचतंतूंचे झाले. साच्यात घालून काढायचे, तिथं रंध्याला काम नाही. सुताराच्या दोन्ही गाड्या, जमिनीवरची आणि आभाळातली, मागंपुढं त्याच वाटेनं गेल्या. हडपसरच्या रानांत आता इमारती उभ्या आहेत, आणि तात्यांचं ज्वारीचं रान कुठं होतं ते मला खात्रीनं दाखवता येणार नाही.

1979 साली खात्याचं नवं ग्लायडर उडालं. त्याचं नाव आर्द्रा. हे मला बऱ्याच उशिरा कळलं. रजेवर आलो तेव्हा आण्णांना सांगितलं. ते ओट्यावर बसून विळ्याची मूठ बसवत होते. मान वर न करता म्हणाले, "मंग? मृगानंतर दुसरं काय येनार?"

तो स्प्रूसचा तुकडा आमच्या देवळीत अजून आहे. दर दिवाळीला आई तो पुसून परत जागेवर ठेवायची. आता मी ठेवतो.