मोगलाई : एका शब्दाची वंशावळ

धाराशिव-परांडा भागातली जुनी माणसे निजामाच्या मुलखाला ‘मोगलाई’ म्हणत. शेजारची बार्शी इंग्रजी अमलात. शीव ओलांडली की मोगलाई. वास्तविक निजाम मोगल घराण्यातला नव्हे. मोगलांचा हा सरदार १७२४ मध्ये दख्खनेत स्वतंत्र झाला. पण जुन्या धन्याचे नाव मुलखाला चिकटले, ते १९४८ साली निजामी संपली तरी लोकांच्या तोंडून गेले नाही.

‘मोगल’ हे ‘मंगोल’ शब्दाचेच फारसी रूप. बाबर वडिलांकडून तैमूरचा, आईकडून चंगीजखानाचा वंशज. धर्म मात्र इस्लाम. म्हणजे या एका घराण्यात दोन साम्राज्यांचे वारसे एकत्र आले. ते वारसे मात्र सारखे नव्हते.

पैगंबरांच्या निधनानंतर, म्हणजे ६३२ नंतर, शंभर वर्षांच्या आत अरबांची सत्ता सिंधपासून स्पेनपर्यंत पोहोचली. त्यांनी तलवारीबरोबर धर्म, भाषा आणि कायदाही नेला. चंगीजखान १२०६ मध्ये मंगोलांचा खान झाला. त्याच्या नातवाने, हुलागूने, १२५८ मध्ये बगदाद लुटून खलिफाला मारले. पण १२९५ मध्ये त्याच हुलागूचा पणतू गाझान इराणच्या गादीवर आला तो मुसलमान होऊन! जेत्यांनीच जितांचा धर्म घेतला. मंगोलांजवळ घोडा होता, शिस्त होती, डाकेची उत्तम व्यवस्था होती. कारभाराला मात्र इराणी आणि चिनी कारकून लागत.

याची साक्ष आपल्या बोलीत आहे. जिल्हा, तालुका, तहसील, वकील, कायदा हे सारे मुळात अरबी शब्द. मंगोलांकडून आलेले शब्द मोजकेच. त्यांपैकी एक ‘दरोगा’.

मग मंगोलांनी काहीच दिले नाही का? त्यांनी चीनपासून युरोपपर्यंतच्या वाटा एका अमलाखाली आणल्या. त्याच वाटांनी बारुदाची विद्या पश्चिमेकडे गेली, असे बहुतेक इतिहासकार मानतात. पुढे १५४९ मध्ये अहमदनगरात ‘मलिक-ए-मैदान’ ही तोफ ओतली गेली. ओतणारा रूमी, म्हणजे तुर्की मुलखातला. ही तोफ परांड्याच्या किल्ल्यात होती; १६३२ मध्ये ती विजापूरला नेली.

आणि हाच परांडा मोगलांशी झुंजला. १६०० मध्ये अहमदनगर पडल्यावर निजामशाही पुन्हा उभी राहिली ती इथून, मलिक अंबर या हबशाच्या बळावर. मुसलमान सत्ता म्हणजे सारी मोगलाई, असे आपण सरसकट म्हणतो, तेव्हा परांड्याच्या तटावरची ही लढाईच आपण पुसून टाकतो.