तोड्याच्या बंदुकीची कुळकथा

10 जानेवारी 1760. यमुनेकाठचा बुराडी घाट. दत्ताजी शिंद्यांच्या अखेरच्या शब्दांशिवाय या दिवसाची आठवण मराठी माणसाला होतच नाही. ते शब्द शाळेतल्या पोरालाही पाठ असतात. पण त्या वीराला घोड्यावरून खाली पाडलं कशानं, हे विचारलं तर बहुतेक जण गप्प होतात. नदीकाठच्या गवतात दबा धरून बसलेल्या रोहिल्यांच्या बंदुकांनी. दत्ताजीचा पुतण्या जनकोजी याला गोळी लागली ती तिथंच. दत्ताजीही गोळी लागूनच कोसळला. मराठे भाले-तलवारी घेऊन अंगावर जात होते आणि समोरचा माणूस दिसतही नव्हता.

आपल्याकडं हत्यारांची कीर्ती ठरलेली आहे. तलवारीला नाव असतं, दांडपट्ट्याचे खेळ होतात. जुलै 2024 मध्ये लंडनच्या संग्रहालयातून वाघनखं साताऱ्याला आली, तेव्हा ती बघायला रांगा लागल्या. बंदुकीच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. संग्रहालयाच्या कोपऱ्यात ‘बंदूक, 18 वे शतक’ एवढ्या चिठ्ठीवर ती उभी असते. वास्तविक तीनेकशे वर्षं या देशातल्या लढाया तिनं फिरवल्या. तिची कुळकथा सांगायला हवी, ती याचसाठी.

कुळाची सुरुवात गोव्यात सापडते. 1510 मध्ये अफोंसो द अल्बुकर्कनं आदिलशाहीकडून गोवा घेतला, तेव्हा त्याच्या हाती शहराबरोबर तिथले शस्त्रकारखाने आणि कारागीरही आले. पोर्तुगिजांजवळ स्वतःच्या बंदुका होत्या. तरी गोव्याच्या लोहारांचं काम पाहून तो थक्क झाला. हे कारागीर बोहेमियाच्या तोडीच्या बंदुका करतात, असं त्यानं पोर्तुगालच्या राजाला कळवलं. युरोपात बोहेमियाची बंदूक तेव्हा नावाजलेली होती, त्यामुळं हे प्रशस्तिपत्र साधं नव्हतं.

पुढं 1543 मध्ये पोर्तुगीज जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरले. त्यांच्या हातातल्या बंदुका जपानी सरदारानं विकत घेतल्या, आपल्या लोहारांकडून त्यांच्या नकला करवल्या आणि बत्तीस वर्षांनी, 1575 मध्ये, नागाशिनोच्या लढाईत तिथल्या नामांकित घोडदळाची दाणादाण उडाली. तानेगाशिमावर उतरलेल्या बंदुका लिस्बनच्या नव्हत्या, गोवा-मलाक्का घडणीच्या होत्या, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. ते धरलं तर जपानच्या बंदुकीचं आजोळ आपल्या किनाऱ्यावर निघतं.

उत्तरेत हीच बंदूक दुसऱ्या वाटेनं आली. 1526 मध्ये पानिपतावर बाबराच्या फौजेत तोफांच्या जोडीला तोड्याच्या बंदुका होत्या. अकबराला तर बंदुकीचं वेडच होतं. चितोडच्या वेढ्यात, 1568 मध्ये, त्यानं जयमल राठोडाला दुरून टिपलं ते ‘संग्राम’ नावाच्या आपल्या आवडत्या बंदुकीनं. म्हणजे नाव असलेली बंदूक होती. फक्त ती मोगलांकडं होती. अबुल फजलनं ‘ऐन-इ-अकबरी’त नळी घडवण्याची रीत नोंदवली आहे. लोखंडाचा पत्रा कागदाच्या सुरळीसारखा तिरका गुंडाळत, पुन्हा पुन्हा तापवत जोडायचा. जुन्या नळीत पाव भागाहून जास्त दारू भरता येत नसे. या नळ्या तोंडापर्यंत भरल्या तरी फुटत नसत, असं तो सांगतो.

आता ही बंदूक जवळून पाहू. नळी साधारण चार फूट, मागच्या बाजूला जाड, तोंडाशी किंचित फुललेली. खाली सडपातळ, जवळजवळ सरळ कुंदा. नळी आणि कुंदा एकमेकांना चामड्याच्या वाद्यांनी किंवा तारेनं बांधलेले. खिळे-स्क्रू जवळपास नाहीतच. नळीच्या मागच्या टोकाला बाजूला एक बारीक भोक, तो कान. कानाशी छोटी वाटी, तिच्यात रंजक, म्हणजे बारीक दळलेली दारू. कुंद्याच्या खाचेतून वर आलेला लोखंडी घोडा आणि त्याच्या चिमटीत तोडा, म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुताची दोरी. जुन्या मराठीत तिलाच जामगी म्हणत. ती पेटत नाही, धुमसते. चाप ओढला की घोडा खाली येतो, तोड्याचं लाल टोक रंजकेत बुडतं, आग कानातून आत जाते आणि बार होतो. नळीच्या टोकाला माशी, म्हणजे नेम धरायची खूण.

सगळं यंत्र म्हणजे एक तरफ आणि एक खीळ. बिघडण्यासारखं त्यात काही नाही, आणि बिघडलंच तर गावचा लोहार दुपारपर्यंत नीट करून देई. चकमकीच्या बंदुकीला चांगली गार लागते, कडक स्प्रिंग लागते. गार झिजली की ठिणगीच पडत नाही. शिवाय तिचा घोडा खाडकन आदळतो आणि नेम हलतो. तोड्याचा घोडा अलगद उतरतो. लांब नळी, नळीत घट्ट बसणारी गोळी आणि न हलणारा हात यांमुळं ही बंदूक लांबवर आणि नेमकी मारा करी.

स्वराज्याच्या फौजेत हे काम मुख्यतः कोकणातल्या हेटकऱ्यांचं. मावळा तलवारीला आणि हेटकरी नेमाला, अशी वाटणी ग्रँट डफनंही नोंदवली आहे. किल्ला लढवायचा तर तटाआड बसून एकेक माणूस टिपणारा हेटकरी हवाच. दारूची निगा किती ठेवावी लागे ते रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दिसतं. दारूखाना राहत्या घरांपासून लांब असावा, दमटपणा लागू देऊ नये, दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदारानं दारू, बाण बाहेर काढून उन्हं द्यावीत आणि पुन्हा मोहोर करून ठेवावं, अशी ताकीद त्यात आहे. कोकणच्या आणि घाटमाथ्याच्या पावसात ही शिस्त मोडली तर बंदुकीची काठीच उरणार.

मग हे हत्यार मागं का पडलं? त्याला तीन खोडी होत्या. पहिली वेगाची. कवायती शिपाई चकमकीच्या बंदुकीतून मिनिटाला दोन-तीन बार काढी, तोडेवाल्याचा एक कसाबसा निघे. दुसरी आगीची. प्रत्येकाच्या हातात जळता तोडा आणि कमरेला दारूचं शिंगडं, तर माणसं खांद्याला खांदा लावून उभी कशी करायची? पावसात तोडा विझे आणि रात्री त्याची लाल ठिणगी शत्रूला जागा दाखवी. तिसरी खोड म्हणजे संगीन नव्हती, त्यामुळं घोडदळ अंगावर आलं की बंदूकवाला उघडा पडे.

पण यातली एकही खोड नेमबाजीची नाही. युरोपी पलटणीची लढाईच वेगळी होती. शे-दीडशे हातांवर रांग उभी करायची, नेम न धरता एकदम बार काढायचे आणि धूर विरायच्या आत संगीन घेऊन धावायचं. तिथं दूरवर टिपणारी बंदूक नको होती. भराभर भरता येणारी, एका मापाची, हजारोंनी बनणारी बंदूक हवी होती.

महादजी शिंद्यांनी हे ओळखलं. त्यांचा युरोपी सेनानी द बॉयन याच्या कवायती पलटणींसाठी आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या हाताखाली तोफा-बंदुकांचा कारखाना उभा राहिला. तिथली चकमकीची बंदूक दहा रुपयांना पडे आणि ती विलायती बंदुकीच्या तोडीची होती. याच फौजेत आणखी एक प्रयोग झाला. तेलंगा पलटणींना चकमकीच्या बंदुका मिळाल्या, पण नजीब म्हणजे पठाणांच्या पलटणींकडं नव्या घडणीच्या तोड्याच्या बंदुका होत्या आणि त्यांना संगीन बसवलेली होती. जुन्या बंदुकीचा लांब पल्ला ठेवून तिची एक खोड काढायची, असा तो विचार. माझ्या मते, ज्याला आणखी पन्नास वर्षं मिळायला हवी होती, असं हत्यार हेच. ती मिळाली नाहीत. 1803 मध्ये अलीगढ, आग्रा आणि लासवारी हातचं गेलं आणि कारखानाही गेला.

हरल्यावरही तोड्याची बंदूक तटाआडून बोलत राहिली. 1818 च्या मे-जूनमध्ये मालेगावच्या किल्ल्यातल्या मूठभर अरबांनी इंग्रजी फौजेला जवळजवळ महिनाभर रोखलं. पुढच्याच वर्षी हा खेळ मराठवाड्यात झाला. निजामाविरुद्ध उठलेला हटकर नाईक नौसाजी उमरखेडच्या लढाईत मागं हटला आणि आपल्या नोव्ह्याच्या गढीत शिरला. गढीत सुमारे 500 अरब होते. मेजर पिटमननं निजामाची कवायती फौज आणून जानेवारी 1819 मध्ये ती घेतली, पण त्यासाठी वेढा घालावा लागला, मोर्चे पुढं सरकवावे लागले. समोरासमोर चालत जाऊन घेण्यासारखी ती जागा नव्हती. नौसाजीला हैदराबादला नेलं, तिथंच तो वारला.

त्याच 1819 पासून हिंगोलीत छावणी पडली. पुढं ती हैदराबाद कंटिन्जंटची झाली आणि 1903 पर्यंत राहिली. ज्या मुलखात नाईकांच्या गढ्यांवरून तोड्याच्या बंदुका चालत, तिथं आता पलटणीच्या बंदुकीची कवायत रोज दिसू लागली. अफगाणिस्तानात मात्र 1842 मध्ये उलटा धडा मिळाला. डोंगरावरून जजाईल चालवणाऱ्यांपर्यंत इंग्रजांच्या बंदुकीची गोळी पोचतच नव्हती. लांब नळीची ती जजाईल आपल्या तोड्याच्या बंदुकीची सख्खी भावकी. आपल्याकडं जेजाला म्हणतात ती हीच.

तोड्याच्या बंदुकीचा शेवट रणांगणापेक्षा कायद्यानं जास्त केला. 1857 नंतर गावोगाव हत्यारं गोळा झाली आणि 1878 च्या हत्यारांच्या कायद्यानं हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना सक्तीचा केला. युरोपियनांना त्यातून सूट होती. पैनगंगेच्या उत्तरेला वऱ्हाडात इंग्रजी कारभार, दक्षिणेला निजामाचा. बंदुका घडवणाऱ्या लोहाराला गिऱ्हाईक उरलं नाही. तो नांगराचे फाळ आणि विळे करू लागला आणि चार फुटी नळी जोडायची विद्या दोन पिढ्यांत गेली.

बंदूक मात्र पूर्ण गेली नाही. तोड्याच्या जागी टोपी आली, अनेक जुन्या नळ्यांवर नवे घोडे बसले आणि ती शेतात उतरली. कोकणात तिला ठासणीची म्हणतात, मराठवाडा-विदर्भात भरमार. दारू तोंडाकडूनच, गजानं ठासायची, छर्रे वरून. तिची गरज कुठं पडते ते हिंगोलीकडं दिसतं. सेनगाव तालुक्यातलं साखरा आणि भोवतालची गावं सोयाबीन, तूर, हळद पिकवणारी. रात्री रानडुकरं आणि रोह्यांचा कळप शिरला की सकाळी वावर ओळखू येत नाही. मचाणावर बसून डबे वाजवणं, फटाके उडवणं चालूच असतं. अशा शेतकऱ्याचा विचार कायद्यानंही केला आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 13 मध्ये पीकरक्षणासाठी तोंडाकडून भरायच्या बंदुकीच्या परवान्याची खास तरतूद आहे. अल्बुकर्कनं वाखाणलेल्या कुळाचं नाव आजच्या कायद्यात एवढंच उरलं आहे. अर्थात परवाना मिळाला म्हणजे जनावर मारायची मुभा मिळाली असं नाही. त्यासाठी वन्यजीव कायदा आणि वनखात्याची परवानगी वेगळी.

जपाननं तानेगाशिमाची बंदूक जपली. तिथं आजही उत्सवात जुन्या पोशाखातली माणसं रांगेनं बार काढतात आणि पोरं ते बघत मोठी होतात. आपण तलवार जपली, कारण ती वीराच्या हातात शोभते. बंदुकीत पराक्रम कमी आणि कसब जास्त, म्हणून ती आपल्या पोवाड्यात मागं राहिली. हा न्याय बरोबर नाही. हेटकऱ्याचा नेम आणि लोहाराची नळी हाही मराठ्यांच्या इतिहासाचाच भाग आहे.

संग्रहालयवाल्यांनी एवढं तरी करावं: चिठ्ठीवर नळीची लांबी, घडण, सापडल्याचं ठिकाण लिहावं, आणि घोड्याची रचना दाखवणारं एक चित्र शेजारी लावावं. आणि कुणाच्या वाड्यात, माळवदाच्या खोलीत गंजलेली लांब नळी पडली असेल तर ती भंगारात देऊ नका. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुनाट हत्याराला शस्त्र कायद्याच्या कलम 45 मध्ये सूट आहे. तरी ती त्या सुटीत बसते का, हे आधी पोलीस ठाण्यात विचारून घ्या आणि मग जवळच्या संग्रहालयाला कळवा. किलोच्या भावानं गेलेली नळी परत मिळत नाही.