भिंतीची जाडी आणि भिंतीचा बंध

जितकी भिंत जाड तितकें घर बळकट, ही समजूत आपल्या देशांत फार जुनी आहे, आणि ती सर्वस्वीं खोटी आहे असें कोणी म्हणणार नाहीं. घराचा भार सरळ खालीं जमिनीकडे जात आहे तोंवर जाड भिंतीसारखा दुसरा आधार नाहीं. उन्हाळ्यांत ती घर थंड ठेवते, चोरास दाद देत नाहीं, आणि बांधणारा गेल्यावरहि नातवंडांच्या उपयोगी पडते. मराठवाड्याच्या दक्षिण भागांतील खेड्यांत अशाच घरांची वस्ती होती. मातींत रचलेल्या काळ्या दगडांच्या दोन ते चार फूट जाडीच्या भिंती, वर लांकडी तुळया, तुळयांवर फळ्या किंवा काटक्या, आणि त्यांवर एक-दोन फूट मातीचा थर दिलेलें माळवद, असें त्या घरांचें ठरलेलें रूप असे. असल्या घरांत निजणाऱ्या माणसांस आपण निर्धास्त आहोंत असें वाटावें, यांत नवल तें काय?

३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणपतीविसर्जनाची रात्र सरतां सरतां, पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.२ मानली जाते. जगांतील मोठ्या भूकंपांच्या यादींत त्यास फारसें वरचें स्थान नाहीं. तथापि सरकारी गणनेप्रमाणें ७,९२८ माणसें मृत्यु पावलीं, आणि पुढें बावन्न गांवें मूळ जागेवरून उठवून दुसरीकडे वसवावीं लागलीं. बहुतेक माणसें आपल्याच भिंतींच्या व माळवदांच्या ढिगाऱ्याखालीं दडपलीं गेलीं.

हें कसें घडलें, तें समजण्यास थोडा हिशेब करावा लागतो. वाचकांनीं कंटाळूं नये. दहा फूट लांब, दहा फूट उंच आणि तीन फूट जाड अशी भिंत घेतली तर ती तीनशें घनफूट भरते, आणि तिचें वजन सुमारें अठरा-वीस टन होतें. भूकंप जमीन आडवी हलवितो, आणि वस्तु जितकी जड तितका तिच्यावरील आडवा रेटा अधिक. तो वजनाच्या केवळ एक-दशांश धरला तरी जवळजवळ दोन टनांचा होतो. भिंतीची जाडी वाढविली कीं रेटाहि त्याच प्रमाणांत वाढतो. वर दहा फूट रुंद व पंधरा फूट लांब खोलीवर दीड फूट माती असेल तर आणखी दहा टन आलेच! आतां या रेट्यास तोंड द्यावयाचें तें भिंतीच्या एकसंधपणानें, आणि नेमकें तेंच या भिंतींत नव्हतें. नीट बसविलेल्या दगडांचा एक पदर बाहेरून, दुसरा आंतून, आणि मधल्या पोकळींत चिपा व चिखल, अशी त्यांची रचना. बाहेरून एक दिसणारी भिंत वास्तविक दोन पातळ भिंतींची जोडी होती. पहिल्या हिसक्यासरशीं दोन्ही पदर फुगून एकमेकांपासून सुटले, आणि माळवद खालीं आलें.

येथें एक गोष्ट नमूद केल्यावांचून आम्हांस पुढें जाववत नाहीं. जेथें छताचा भार भिंतीवर न टाकतां लांकडी खांबांच्या सांगाड्यावर पेलला होता, अशा जुन्या घरांपैकीं कित्येकांत भिंती ढासळल्या, पण खांब, तुळया व छत जागच्या जागीं राहिलीं. घरांतल्या घरांत सुतार जिंकला व गवंडी हरला, असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु गवंड्यास दोष देण्याआधीं, जें ज्ञान त्याच्यापर्यंत पोहोंचावयास हवें होतें तें कोठें अडलें, हें पाहिलें पाहिजे.

कारण तें ज्ञान नवें नव्हतें, आणि परदेशांतून आणावयाचेंहि नव्हतें. १९३१ च्या ऑगस्टांत बलुचिस्तानांत माच येथें मोठा भूकंप झाला. त्यानंतर रेल्वेच्या लोकांसाठीं क्वेट्टा भागांत भूकंपास टिकतील अशीं घरें बांधण्याचें काम एस्. एल्. कुमार या तरुण एंजिनियराकडे आलें. त्यानें आडव्या रेट्याचा हिशेब करून, लोखंडाच्या साह्यानें भिंती व छत एकत्र बांधून तीं घरें उभीं केलीं, आणि १९३३ सालीं आपली उपपत्ति प्रसिद्ध केली. तिच्यासोबत भूकंपाच्या धोक्याप्रमाणें देशाचे विभाग पाडणारा नकाशाहि होता. दोनच वर्षांनीं, ३१ मे १९३५ च्या पहांटे, क्वेट्टा शहर जमीनदोस्त झालें. तीस हजारांहून अधिक माणसें मेलीं. कुमारांचीं घरें मात्र उभीं राहिलीं. त्यांच्या आधारें पुढें शहराची पुनर्रचना झाली. जोत्याशीं, दारांच्या माथ्याशीं व छताशीं सर्व भिंतींस वेढणारे काँक्रीटचे पट्टे, आणि वीटकामांत मुद्दाम ठेवलेल्या उभ्या पोकळ्यांत सळया घालून त्या भरून काढण्याची ‘क्वेट्टा बंध’ नांवाची रीत, हें सारें या पुनर्रचनेच्या काळांत रूढ झालें. क्वेट्टा आज पाकिस्तानांत आहे. पण ही विद्या सगळ्या उपखंडाची समाईक ठेव होती.

मग ती मराठवाड्यांत कां आली नाहीं? खरें कारण असें कीं, तेथें तिची जरूर आहे असें कोणास वाटलेंच नाहीं. दख्खनचें पठार अचल आहे, हा भूगर्भशास्त्रज्ञांचा व सामान्य जनांचा सारखाच विश्वास होता. त्यास पहिला तडा ११ डिसेंबर १९६७ रोजीं कोयनेस गेला. तेथील १०३ मीटर उंचीच्या धरणाचा हिशेब करतांना आडवा रेटा वजनाच्या वीस-अंशाइतकाच धरला होता. धरणांतील यंत्रावर प्रवाहाच्या दिशेनें नोंदला गेलेला धक्का गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ निम्मा, म्हणजे सुमारें दसपट होता. हीं दोन मापें अगदीं एका जातीचीं नव्हेत, हें खरें. तरी अंतर बोलकें आहे. धरण टिकलें, परंतु जेथें त्याची जाडी एकाएकीं बदलते त्याच पातळीवर त्यास चिरा पडल्या, आणि मागाहून टेकू देऊन तें बळकट करावें लागलें. अजस्र धरणाची ही अवस्था, तर खेड्यांतील घरांची काय कथा!

कोयनेनंतर १९७० सालीं भूकंपाचा सरकारी नकाशा सुधारण्यांत आला आणि कोयनेचा भाग वरच्या वर्गांत गेला. पण किल्लारी राहिली ती पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या, विभागांतच. नकाशा झालेल्या भूकंपांवरून काढीत, आणि जेथें झाल्याची नोंद नाहीं तेथें होणार नाहीं असें गृहीत धरीत. २००२ च्या सुधारणेंत हा पहिला विभागच रद्द झाला. नऊ वर्षें लागलीं. आम्हांस ही गोष्ट त्या रात्रीइतकीच दुःखाची वाटते, कारण भूकंप कोणाच्या हातचा नाहीं, पण नकाशा माणसांनीं काढलेला होता.

मातींतल्या दगडी घरांसाठीं भारतीय मानक संस्थेनें स्वतंत्र मार्गदर्शिका काढली ती १९९३ सालींच. तिच्यांतील एक सूचना येथें देतों. भिंतीच्या जाडीइतका लांब दगड, दोन्ही पदरांस शिवेल असा, दर दोन फूट उंचीच्या थरांत, एकमेकांपासून चार फुटांच्या आंत बसवावा. त्यास सिमेंट लागत नाहीं, लोखंड लागत नाहीं. गवंड्यानें ढिगांतून लांब दगड निवडून बाजूस काढून ठेवावे, इतकेंच. भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या घरांची दुरुस्ती निघाली, तेव्हां असे दगड नव्हते म्हणून भिंतींना आरपार भोंकें पाडून, त्यांत सळई घालून तीं काँक्रीटनें भरावीं लागलीं.