बाखचे गायक किती?

लाइप्झिग येथील संत टॉमस शाळेचा संगीतप्रमुख योहान सेबास्टियन बाख यानें २३ ऑगस्ट १७३० रोजीं नगरसभेस एक निवेदन लिहिलें. शाळेंतील ५४ मुलांपैकीं १७ गाण्यास योग्य, २० अद्याप अपुऱ्या तयारीचीं व १७ अगदींच निरुपयोगी, असा हिशेब त्यांत आहे. प्रत्येक गायकवृंदांत निदान १२, आणि साधल्यास १६ गायक असावेत, अशी त्याची मागणी होती. त्रासलेल्या नोकराचें हें गाऱ्हाणें अडीचशें वर्षांनीं विद्वानांच्या वादाचें मूळ ठरलें.

बाख १७२३ मध्यें लाइप्झिगला आला. रविवारच्या व सणांच्या उपासनेसाठीं तो कँटाटा रचीत असे. कँटाटा म्हणजे वृंदगान, एकट्याचें गान व वाद्यें यांनीं गुंफलेली, त्या दिवसाच्या धर्मवचनाला अनुसरणारी रचना. अशा सुमारें २०० धार्मिक कँटाटा आज उपलब्ध आहेत. १७५० मध्यें बाख निवर्तला आणि त्यांतील बहुतेक मूक झाल्या. एकोणिसाव्या शतकांत त्यांचा उद्धार झाला खरा. परंतु गुरुमुखानें चालत येणारी परंपरा तोंवर तुटली होती. नव्या युगानें आपल्या रुचीप्रमाणें मोठमोठे वृंद उभे केले, आणि त्या भारदस्त ध्वनींत बाखच्या परस्परांत गुंतलेल्या स्वरपंक्ति बुडूं लागल्या.

१९७१ मध्यें निकोलाउस हार्नोंकूर व गुस्टाफ लेऑनहार्ट यांनीं प्रसिद्ध करण्यास आरंभ केलेल्या ध्वनिमुद्रणमालेनें हें चित्र पालटलें. व्हायोलिनला तांत, कळा नसलेल्या तुताऱ्या, लांकडी बांसऱ्या, आणि आजच्या मानानें सुमारें अर्धा स्वर उतरलेली पट्टी! लाइप्झिगच्या चर्चमध्यें स्त्रिया गात नसत. म्हणून उंच आवाजाचे भाग बहुधा मुलांकडे दिले गेले.

१९८१ मध्यें अमेरिकन संशोधक जोशुआ रिफकिन यानें याहि पुढें पाऊल टाकलें. बाखच्या काळच्या ज्या सुट्या प्रती शिल्लक आहेत, त्यांत बहुधा प्रत्येक आवाजाची एकेकच प्रत सांपडते. तेव्हां वृंदगानसुद्धां एकेका आवाजास एकेकच गायक गात असे, असा त्याचा सिद्धान्त होता. टॉन कोपमनप्रभृति विरोधकांनीं १७३० चें निवेदनच पुढें केलें: बाख स्वतः १२ गायक मागतो, आणि एका प्रतीवरून दोघे-तिघे गाऊं शकतात. रिफकिनपक्षाचें उत्तर असें कीं, हे १२ म्हणजे ज्यांतून निवड करावयाची तो संच. त्यांतील कांहीं आजारी पडत, कांहींना वाद्यें वाजवावीं लागत.

हा केवळ संख्येचा तंटा नव्हे. बाखला जें मिळालें त्याचें अनुकरण करावें, कीं त्यानें जें मागितलें त्याचें? शिवाय आज मुलांचा आवाज त्या काळापेक्षां लवकर फुटतो. सोळा वर्षांचा कसलेला बालगायक आतां आणावा कोठून? १९९० मध्यें मासाकी सुझुकी यांनीं जपानांत स्थापिलेल्या बाखवृंदानें १९९५ ते २०१३ या काळांत धार्मिक कँटाटांचें ध्वनिमुद्रण केलें. त्यांत जुनीं वाद्यें व लहान वृंद आहे, पण उंच आवाज स्त्रियांचे आहेत.

वादाचा निकाल लागलेला नाहीं. तथापि त्या वादामुळें गायकांस प्रत्येक प्रत पुन्हां तपासावी लागली, आणि दाट ध्वनींत हरवलेला एकेक आवाज श्रोत्यांस पुन्हां वेगळा ऐकूं येऊं लागला.