फवारणी करूनही कीड हटत नाही? औषध बदलण्याआधी पंप आणि हात तपासा

बाभुळगाव तालुक्यात पऱ्हाटी कमरेच्या वर गेली की फवारणीला वेग येतो. पंप प्रथमच पाठीवर घेणाऱ्याला दोन दिवसांनी पानाखाली तुडतुडे तसेच दिसतात. मग मात्रा वाढवली जाते किंवा दोन-तीन औषधे एकत्र केली जातात. दोष अनेकदा औषधात नसतो, ते पोहोचवण्यात असतो. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. म्हणून सराव आधी साध्या पाण्याने करा.

एका गुंठ्याची चाचणी

33 फूट × 33 फूट, म्हणजे एक गुंठा जागा आखा. पंपात मोजून साधे पाणी भरा आणि नेहमीच्या चालीने फवारा. लागलेल्या पाण्याला 40 ने गुणा. ते तुमचे एकरी पाणी. 5 लिटर लागले तर एकरी 200 लिटर, म्हणजे 16 लिटरचे साडेबारा पंप. फक्त 2 लिटर लागले तर एकरी 80 लिटरच होते. अशा वेळी 200 लिटरच्या हिशेबाने पंपात औषध टाकले, तर पिकाला निम्म्याहूनही कमी मिळते. लेबलवरील हेक्टरी मात्रा 2.5 ने भागा, ती एकरी मात्रा; तिला एकरी लागणाऱ्या पंपांच्या संख्येने भागा. पेट्रोल पंपासाठी वेगळी चाचणी घ्या, हातपंपाचे माप त्याला लावू नका.

काय बिघडले, काय करावे

- पानावरून पाणी ओघळते: नोझल फार जवळ आहे, चाल मंद आहे किंवा नोझलचे छिद्र झिजले आहे. साधारण एक ते दीड फूट अंतर ठेवा. झिजलेले नोझल बदला.
- वरची पाने ओली, खालची कोरडी: तुडतुडे, फुलकिडे आणि पांढरी माशी पानाच्या खालच्या बाजूला असतात. नोझल खालून वर तिरपे धरा, हात सावकाश फिरवा.
- फवाऱ्याऐवजी धार येते: दाब कमी आहे, बॅटरी उतरली आहे किंवा नोझलमध्ये कचरा आहे. गाळणी व नोझल पाण्यात मऊ ब्रशने धुवा. तार घालू नका, तोंडाने फुंकू नका.
- हातावर किंवा पाठीवर गळते: वॉशर आणि झाकण बदला. गळणाऱ्या पंपात औषध भरूच नका.
- फवारा अंगावर येतो: वारा पश्चिमेचा असेल तर पूर्वेच्या बांधापासून सुरुवात करा. दक्षिणोत्तर ओळीत चाला, नोझल पूर्वेकडे ठेवा आणि एकेक ओळ पश्चिमेकडे सरका. म्हणजे पुढची ओळ कोरडीच मिळते. ओळी वाऱ्याच्याच दिशेने असतील तर वारा शांत होईपर्यंत थांबा. नोझल छातीच्या वर नेऊ नका. पऱ्हाटी डोक्याइतकी झाली असेल तर आत शिरून फवारू नका.

कीटकनाशकासाठी पोकळ शंकूचे नोझल वापरा, तणनाशकासाठी पसरट फवाऱ्याचे. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. 2,4-डी चा अंशही कापसाची पाने आकसवतो.

स्वतःची काळजी

फवारणी सकाळी किंवा संध्याकाळी करा. पूर्ण बाह्यांचे कपडे, रबरी हातमोजे, मास्क, चष्मा आणि बूट घाला. उपाशीपोटी फवारू नका. मध्येच तंबाखू, बिडी, पाणी नको. आधी साबणाने हात-तोंड धुवा. डब्यावरील त्रिकोण पाहा: लाल सर्वाधिक विषारी, त्यानंतर पिवळा, निळा, हिरवा. लेबलवर नसलेले मिश्रण करू नका.

चक्कर, मळमळ, घाम, तोंडाला लाळ किंवा अंधूक दिसणे जाणवले तर काम तिथेच थांबवा. रुग्णाला शेताबाहेर आणा, कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवा. 108 ला फोन करा आणि औषधाचा डबा डॉक्टरांना दाखवा. ‘थोडी ओळ उरली आहे’ म्हणून थांबू नका.