मोटारसायकल, जुनी : नेमके मॉडेल ओळखणे (तळा व दक्षिण रायगड)

जुन्या मोटारसायकलीची कंपनी, मॉडेल, उपप्रकार आणि निर्मितीचा काळ तिच्या सांगाड्यावरील व इंजिनावरील खुणांवरून ठरवण्याची रीत. सुटे भाग मिळवणे, आरसी बुकाचे नूतनीकरण, विंटेज नोंदणी आणि खरेदी-विक्री या चार कामांत तिची गरज पडते. पुराव्यांचा क्रम ठरलेला आहे : प्रथम सांगाडा, मग इंजिनाचे क्रँककेस, त्यानंतर बोअर व स्ट्रोकची मापे; टाकी, मडगार्ड, बिल्ला आणि रंग सर्वांत शेवटी. टाकी तासाभरात बदलता येते, सांगाडा बदलला तर गाडीच बदलते. व्यवहारात मात्र बहुतेक गाड्या टाकीवरचे नाव वाचूनच विकल्या व घेतल्या जातात. जुन्या गाड्यांची चुकीची ओळख रूढ होण्याचे हे प्रमुख कारण आहे.

प्रदेश : तळा हे रायगड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव तळगडाच्या पायथ्याशी वसले आहे. मांदाडची खाडी व कुडे लेणी याच तालुक्यात आहेत. स्वतंत्र तालुका होण्यापूर्वी तळा माणगाव तालुक्यात होते आणि जिल्ह्याचे नाव १९८१पर्यंत कुलाबा होते. त्यामुळे आरसी बुकातील पत्ताही काळ सांगतो : ‘ता. माणगाव, जि. कुलाबा’ असा पत्ता शिक्क्यासह आढळला, तर ती नोंद १९८१पूर्वीची मानण्यास हरकत नाही. येथील जुन्या गाड्या दोन वाटांनी आल्या. काही जिल्ह्यातच नोंदलेल्या. त्यांना ‘पेण पासिंग’ म्हणतात आणि त्यांचा क्रमांक एमएच-०६ने सुरू होतो. काही चाकरमान्यांनी मुंबईत वापरून गावी आणून ठेवलेल्या. त्या एमएच-०१, ०२, ०३ किंवा ठाण्याच्या ०४ क्रमांकाच्या असतात. एमएच व दोन अंक ही पद्धत १ जुलै १९८९पासूनची. त्याआधीच्या महाराष्ट्रातील क्रमांकांत ‘एम’ने सुरू होणारी तीन अक्षरे व पुढे चार अंकांपर्यंतची संख्या असे. पाटीवर असा क्रमांक असेल तर नोंदणी बहुधा १ जुलै १९८९पूर्वीची. गाडीची निर्मिती त्याहून आधीची असू शकते.

कोकणातील हवा ओळखीच्या कामाला प्रतिकूल आहे. खाडीकडून येणारा खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे पत्रा आधी सडतो, सांगाड्यावरचे ठसे त्यानंतर. पडवीत किंवा मांगरात उभ्या राहिलेल्या गाडीचे मडगार्ड व टूलबॉक्स बहुधा मूळचे उरत नाहीत. ॲल्युमिनियमचे क्रँककेस मात्र पांढरे पडले तरी त्यावरचे ओतीव अक्षर वाचता येते. म्हणून या भागात इंजिनाच्या आवरणांना घाटावरच्या गाड्यांपेक्षा अधिक पुरावामूल्य द्यावे लागते.

क्रमांक : चेसी नंबर बहुतेक गाड्यांत हँडलच्या मानेवर किंवा तिच्या लगतच्या नळीवर ठोकलेला असतो; इंजिन नंबर क्रँककेसवर, साधारणपणे ब्लॉकच्या बुडाशी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९मधील नियम १२२ने हे दोन्ही ठसे व निर्मितीची तारीख गाडीवर असणे आवश्यक ठरवले. पुढे १७ अक्षरांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक रूढ झाला. त्याची पहिली तीन अक्षरे निर्माता सांगतात : एमडी२ बजाज, एमबीएल हिरो, एमई३ रॉयल एनफिल्ड. त्यात आय, ओ व क्यू ही इंग्रजी अक्षरे वापरत नाहीत, त्यामुळे ‘ओ’ वाटणारी खूण शून्य समजावी. त्याआधीचे क्रमांक आखूड असून प्रत्येक कारखान्याची रीत निराळी होती.

रंग आणि लांबी यांच्या थराखाली क्रमांक अनेकदा दडलेला असतो. तो थर रॉकेल किंवा थिनरने मऊ करून काढावा, शेवटी बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवावा. ग्राइंडर लावू नये. कारखान्यातील ठसे सहसा एका ओळीत आणि सारख्या खोलीचे असतात. हातपंचाने नंतर मारलेली अक्षरे वरखाली होतात आणि त्यांच्याखालचा पत्रा घासून पातळ झालेला हाताला लागतो. असे ठसे आढळले तर परिवहन कार्यालयाच्या परवानगीची नोंद कागदावर आहे का, ते पाहणे अगत्याचे आहे.

मापे : हेड उतरवले असेल तर व्हर्निअर कॅलिपरने बोअर मोजावा. पिस्टन तळाला व माथ्यावर असतानाचे अंतर मोजले की स्ट्रोक मिळतो. बोअरचा वर्ग गुणिले स्ट्रोक गुणिले ०.७८५४ (मापे सेंटिमीटरमध्ये) म्हणजे एका सिलिंडरचे घनमान. ब्लॉक बोअरिंग करून घेतला की बोअर थोडा वाढतो. क्रँक तीच असेल तर स्ट्रोक बदलत नाही. म्हणून कुळ ठरवताना स्ट्रोक आधी पाहावा. काही कुळांत मात्र भावंडांचा स्ट्रोक एकच असतो. बुलेट ३५० आणि ५०० या दोन्हींचा स्ट्रोक ९० मिमी. पहिलीचा बोअर ७० (३४६ घसेंमी), दुसरीचा ८४ (४९९ घसेंमी). यामाहा आरएक्स १०० व आरएक्स १३५ यांचा स्ट्रोक ५० मिमी. बोअर अनुक्रमे ५० आणि ५८. बोअरिंगने ५०चा ५८ होत नाही, त्यामुळे या दोहोंत संशयाला जागा राहू नये. हे मोजमाप बिल्ला, रंग आणि विक्रेत्याचे बोलणे या तिन्हींपेक्षा विश्वसनीय आहे. तरीही गाडी घेताना ते फार थोडे लोक करतात.

जावा व येझदी : या कुळाबद्दलची माहिती विपुल आहे आणि घोटाळेही याच कुळात सर्वाधिक. इराणी बंधूंनी म्हैसूर येथे स्थापन केलेल्या आयडियल जावा कंपनीने १९६०-६१च्या सुमारास चेकोस्लोव्हाकियातील जावाच्या परवान्यावर २५० घसेंमीची टू-स्ट्रोक गाडी बनवण्यास आरंभ केला. मूळ नमुना चेक ३५३ क्रमांकाचा. बोअर ६५, स्ट्रोक ७५ मिमी, घनमान सुमारे २४९. सिलिंडर एक व सायलेन्सर दोन, तसेच किक आणि गिअर यांचा डाव्या बाजूला एकच दांडा, या दोन खुणांवर कुळ दुरूनही ओळखता येते. तो दांडा आत दाबून वर उभा केला की किक, खाली आणला की गिअर. त्याहून जुनी, आयात झालेली ‘पेराक’ सापडल्यास मागचे चाक पाहावे : पेराकला उभ्या नळ्यांतील प्लंजर असतो, ३५३ला झोके घेणारा स्विंगआर्म व शॉकॲब्सॉर्बर.

१९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात टाकीवरील जावा हे नाव जाऊन येझदी आले. नेमके कोणत्या वर्षी, कोणत्या क्रमांकापासून, याबाबत संग्राहकांत मतभेद आहेत. बदलाच्या काळात दोन्ही नावांचे भाग एकाच गाडीवर बसले असण्याचा संभव आहे. आज जावाला येझदीपेक्षा जास्त भाव मिळतो, त्यामुळे येझदीच्या सांगाड्यावर जावाची टाकी चढवण्याचे प्रकार होतात. तपासणीचा सोपा मार्ग इंजिनाची बाजूची आवरणे हा आहे. त्यांवर कंपनीचे नाव ओतीव अक्षरांत असते. आवरणेही बदलता येतात हे खरे. पण टाकी, दोन्ही आवरणे, मानेवरची पट्टी आणि आरसी बुक यांपैकी एक तरी खोटे नाव उघडे पाडते.

येझदी नावाखाली बी टाइप, ऑइल किंग, क्लासिक, डीलक्स, सीएल-टू, मोनार्क, १७५ व रोडकिंग अशी मॉडेले निघाली. ऑइल किंगला ऑइलचा स्वतंत्र पंप होता, इतर गाड्यांत ऑइल पेट्रोलमध्ये मिसळावे लागे. पंप काढून टाकलेल्या ऑइल किंग गाड्याही असतात. अशा वेळी पंपाची बसण्याची जागा पाहावी. रोडकिंग १९७८ ते १९९६ या काळात निघाली आणि कारखान्याच्या अखेरीपर्यंत टिकली. नोव्हेंबर २०१८मध्ये बाजारात आलेली जावा ही फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारी निराळी गाडी असून जुन्या गाडीशी तिचे नावापुरते नाते आहे. तिचे भाग जुन्या गाडीला लागत नाहीत.

बुलेट : भारतीय सैन्यासाठी ८०० गाड्यांची मागणी नोंदवली गेल्यावर १९५५मध्ये मद्रास येथे एनफिल्ड इंडियाची स्थापना झाली. सुरुवातीला इंग्लंडमधील रेडिच येथून आलेले भाग येथे जोडले जात, पुढे सर्व भाग इथेच बनू लागले. पहिल्या काही वर्षांच्या गाड्यांना संग्राहक ‘जी-टू’ म्हणतात. ही संज्ञा कुठपर्यंत ताणावी यावर एकवाक्यता नाही. हेडलाइट, मीटर व दोन लहान दिवे एकाच ओतीव घरात असणे हे १९५४नंतरच्या घडणीचे चिन्ह. उजव्या पायाखाली गिअर व डाव्याखाली ब्रेक ही जुन्या बुलेटची रचना. डावीकडे गिअर असलेली गाडी पुढच्या काळातील किंवा बदल केलेली समजावी. १९९४मध्ये कंपनी आयशर समूहात गेली. बिडाच्या ब्लॉकचे जुने इंजिन, त्यानंतरचे ॲल्युमिनियमचे एव्हीएल इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेले यूसीई इंजिन हे तीन टप्पे ब्लॉक व गिअरबॉक्स पाहूनच वेगळे करता येतात. डिझेलवर चालणारी टॉरस ही ३२५ घसेंमीची गाडी याच कारखान्याची.

राजदूत : एस्कॉर्ट्सने १९६२पासून बनवलेली १७५ घसेंमीची टू-स्ट्रोक गाडी, पोलंडच्या एसएचएल एम-११वर आधारलेली. जुन्या गाडीचा पुढचा फोर्क सांध्याचा, नंतरच्या एक्सेल-टीचा टेलिस्कोपिक. ‘बॉबी’ (१९७३) या चित्रपटामुळे जीटीएस हे लहान चाकांचे मॉडेल बॉबी राजदूत म्हणून ओळखले जाते.

राजदूत ३५० ही निराळी गाडी : यामाहा आरडी-३५०बीची भारतीय आवृत्ती, दोन सिलिंडरांची, ३४७ घसेंमीची (बोअर ६४, स्ट्रोक ५४ मिमी), १९८३ ते १९९०. पुढे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक. हाय टॉर्क ३०.५ अश्वशक्तीची व नंतरची लो टॉर्क २७ अश्वशक्तीची मानतात. दोहोंतील फरक मुख्यतः धूर निघण्याच्या मार्गात असल्याने सायलेन्सर बदललेल्या गाडीबाबत घाईने मत देऊ नये.

यामाहा आरएक्स १०० : १९८५ ते १९९६. ९८ घसेंमी, ११ अश्वशक्ती. मॉडेलचा संकेत १एल१. तो क्रमांकाच्या आरंभी आढळतो. आरएक्स १३५चे इंजिन बसवून शंभर म्हणून विकलेल्या गाड्या पुष्कळ आहेत, त्यांची तपासणी वर दिल्याप्रमाणे बोअरने करावी.

हिरो होंडा सीडी १०० (१९८५, ९७.२ घसेंमी, फोर-स्ट्रोक) व कावासाकी बजाज केबी १०० (१९८६, टू-स्ट्रोक) : आरसी बुक बहुधा पुरेसे.

युद्धकालीन गाड्या : दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याने विकलेल्या ब्रिटिश गाड्यांपैकी बीएसए एम-२० (४९६ घसेंमी), नॉर्टन १६-एच (४९०) व मॅचलेस जी-३/एल (३४७) या प्रमुख. सैन्याच्या एम-२०च्या क्रमांकाआधी डब्ल्यूएम२० अशी अक्षरे असतात. एम-२०चा पुढचा फोर्क गर्डर प्रकारचा, जी-३/एलचा टेलिस्कोपिक.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२नुसार आरसी बुकातील तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही; इंजिन बदलल्यास त्याची नोंद आवश्यक. नोंदणी पहिली १५ वर्षे, त्यानंतर ५-५ वर्षांनी नूतनीकरण. त्या वेळी पर्यावरण कर भरावा लागतो. जुलै २०२१मध्ये केंद्रीय नियमांत ८१-ए ते ८१-जी हे नियम समाविष्ट झाले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या दुचाकीला, सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरफार नसेल तर, ‘व्हीए’ अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक मिळतो. नवीन नोंदणीस २०,००० रुपये, पुनर्नोंदणीस ५,००० रुपये शुल्क असून मुदत १० वर्षांची आहे. अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. या नियमांमुळे मूळ सांगाडा व मूळ इंजिन यांचे मोल वाढले आहे. म्हणून गाडी सँडब्लास्टिंग किंवा पावडर कोटिंगला देण्याआधी मालकाने चेसी व इंजिन या दोन्ही क्रमांकांची पेन्सिलने घेतलेली छाप आरसी बुकासोबत जपून ठेवावी. ब्लास्टिंगमध्ये पुसट झालेला ठसा परत आणता येत नाही.